बिनफोडणीची आमटी

सोमवारी सकाळी आमटीला फोडणी नव्हती.

डबा भरायला मी पातेल्यावरचं झाकण काढलं तर वर तेलाचा तवंग नाही, मोहरी नाही, कढीपत्ता नाही. नुसती घोटलेली डाळ, हळद आणि मीठ.

"आई, फोडणी राहिली वाटतं?"

सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत. "राहिली नाही, घातली नाही. तूच मागं लागली होतीस ना दोन महिने? वासंतीला वास सोसत नाही म्हणून?"

मला इतका आनंद झाला की मी डबा तसाच ठेवून आतल्या खोलीच्या दाराशी गेले. "ताई, जिंकलो आपण. आजपासून फोडणी बंद."

वासंतीताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. जत तालुक्यातल्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. छातीत गाठ निघाली तेव्हा उपचारांसाठी मिरजेला आमच्याकडे आल्या. हॉस्पिटल रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. माझा नवरा मकरंद चाकणला कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. म्हणजे घरात आम्ही तिघी बायका आणि माझी तीन वर्षांची जुई.

केमोचा पहिला डोस झाला तेव्हापासून ताईंना फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. मोहरी तडतडली की त्या टॉवेल तोंडाला लावून बाथरूमकडे धावायच्या. मी आईंना किती वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, "भरल्या घरात बिनफोडणीचं जेवतात होय? सुतक आहे का आपल्याला?" हा आमचा रोजचा वाद. आणि आता त्यांनी स्वतःहून बंद केलं होतं.

ताई खाटेवर बसून टोपी नीट करत होत्या. "आई? हरली? पंचांग बघ गं, काहीतरी ग्रहण असणार."

तिसऱ्या डोसाला तेव्हा आठ दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की या आठवड्यात पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातील, साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. म्हणून मी दारावर कागद चिकटवला होता. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी आत येऊ नये, हात धुतल्याशिवाय येऊ नये, लहान मुलांना आणू नये. ताईंच्या शाळेतले पाटीलसर एकदा शिंकले, तर मी त्यांना जिन्यात उभं करून फोनवर बोलायला लावलं होतं. आत ताई, बाहेर सर, मधे बंद दार. सर म्हणाले, "बाई, तुमची भावजय म्हणजे बोर्डाची सुपरवायझर दिसतीय." ताई हसून हसून खोकल्या.

जुई बालवाडीत जायची, म्हणून तिलाही आत्याच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच जायची परवानगी होती. उंबऱ्यावर बसून ती आत्याला चित्रं दाखवायची. मला वाईट वाटायचं. पण नियम म्हणजे नियम. कुणी आलं, काय खाल्लं, ताप किती, हे सगळं मी एका वहीत लिहायची. मला वाटायचं, त्या वहीतून माशीसुद्धा आत जाणार नाही.

सोमवारीच आई म्हणाल्या, "जुईला आता बालवाडीत नको पाठवू. ऊन फार आहे."

ही तर माझ्या मनातलीच गोष्ट. बालवाडीत निम्मी पोरं नाक गाळत असतात. मी म्हटलं, "आई, आज तुम्ही माझं सगळंच ऐकताय."

"तू पोस्टात जा निवांत. मी आहे की. तिची आंघोळसुद्धा मीच घालीन, तू वासंतीचं बघ."

सकाळी मला ताईंचा ताप, गोळ्या, गुळण्या आणि नऊला काउंटर उघडायचं असायचं. तेव्हा पोरीची आंघोळ कुणी घातली तर मी पाया पडायला तयार होते.

मंगळवारी घराच्या चौकटीला कडुलिंबाची डहाळी दिसली. पाडवा आठ दिवसांवर होता. मी म्हटलं, लवकर आणलीये. संध्याकाळी ताईंच्या उशीचा अभ्रा बदलताना आतून कडुलिंबाचा पाला पडला.

"आईनं घातलाय," ताई म्हणाल्या. "जंतू मरतात म्हणे. झोपेत कडू स्वप्नं पडतात मला."

मी पाला झटकून टाकला. बुधवारी तो परत उशीत होता.

बुधवारी आणखी एक दिसलं. आई बाहेर नळावर अनवाणी गेल्या. भर दुपारी फरशी चटके देत होती. "चपला?" मी विचारलं. "असू दे," म्हणाल्या. पायाला भेगा पडल्यात म्हणून असेल, असं मला वाटलं. जुईचे केस तीन दिवसांत विंचरलेले नव्हते, मागे जट झाली होती. मी कंगवा घेतला तर आईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "रडते गं ती. राहू दे." चैत्राच्या तोंडावर पोरीच्या अंगात लांब बाह्यांचा झगा. "डास चावतात." जुई झग्यावरून पोट खाजवत होती. डास चावले असणार. मी तिला जवळ घ्यायला गेले तर आई म्हणाल्या, "आधी हात धू. बाहेरून आलीस."

माझाच नियम. मी हात धुवायला गेले. परत आले तर जुई झोपली होती.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला काहीतरी सलत होतं. घर गप्प होतं. जेवण आळणी, चौकटीवर पाला, आई कुणाशी भांडत नव्हत्या. आमच्या घरात आई तीन दिवस न भांडता राहिल्या हेच खरं तर विचित्र. पण मी दिवसाचे सोळा तास उभी होते. सलत असतानाच मला झोप लागली.

गुरुवारी पोस्टातला सर्व्हर बंद पडला. साहेब म्हणाले, ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांनी जावं. मी दोन वाजता घरी पोचले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, चपला काढल्या, हात धुतले.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

ताई उताण्या झोपल्या होत्या. टोपी काढलेली. त्यांच्या छातीवर, ज्या बाजूला गाठ नव्हती त्या बाजूला, जुई पालथी झोपली होती. तिचं तोंड ताईंच्या गळ्यात. ताईंचा हात तिच्या जटेवर. आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर आई बसल्या होत्या, डोळे मिटून, हात जोडून.

उकाड्यानं जुईच्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. दंडावर पाण्याचे थेंब उडाल्यासारखे फोड होते. काही भरलेले, काहींवर खपली धरत आलेली. चार दिवसांचे.

मी तिला उचललं. ती जागी झाली, मला बघून हसली, आणि झोपेच्या आवाजात म्हणाली, "आई, मी आत्याला पाप्या दिल्या. खूप दिल्या. आजी म्हणाली, पाप्या दिल्या की शितळाई माझ्याकडनं आत्याकडं जाणार."

देवी अंगावर आली की घरात फोडणी घालत नाहीत, तळत नाहीत. केस विंचरत नाहीत. पायात चपला घालत नाहीत. दाराला कडुलिंब बांधतात. औषध देत नाहीत, आजाराचं नाव घेत नाहीत. माझ्या आजोळीही हेच होतं. मला स्वतःला पाचव्या वर्षी कांजिण्या आल्या तेव्हा आजीनं हे सगळं केलं होतं. मला एकेक गोष्ट माहीत होती. चारही दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि प्रत्येकीला मी केमोचं कारण लावून दिलं होतं.

मी जुईला पुढच्या खोलीत झोपवलं, दार ओढलं आणि आईंना स्वयंपाकघरात नेलं.

"कधी दिसलं तुम्हाला हे?"

"हळू बोल."

"कधी?"

"सोमवारी. पहाटे झगा बदलताना. पाठीवर दोन होते."

"या कांजिण्या आहेत, आई."

त्यांनी कानांवर हात ठेवले. "नाव घेऊ नको गं, नाव घेऊ नको."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? ताईंच्या अंगात आता काही नाही लढायला. काहीच नाही. हे ताईंना झालं तर फुप्फुसात उतरेल." माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "ताईंना लहानपणी येऊन गेल्यात का? तेवढं सांगा. येऊन गेल्या असतील तर..."

"नाही."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? नाही आल्या. तेच तर सांगतीये तुला." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "मकरंद सहा वर्षांचा होता. त्याच्या अंगावर आली. वासंतीची सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा. मी तिला रात्रीच मामाकडं अथणीला पाठवलं, आणि देवीला म्हटलं, पोराकडं आलीस ते आलीस, पोरीला वगळ. परीक्षा झाली की तिला पायी घेऊन येते, दहीभाताचा नैवेद्य घेऊन. वगळलं तिनं. वासंती जिल्ह्यात पहिली आली. मग तुझे सासरे म्हणाले, माझी मुलगी कुठल्या देवळात पायी जाणार नाही. मुख्याध्यापक ना. मी गप्प बसले. एक वर्ष, दोन वर्षं. मग विसरले."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"तीस वर्षं तिनं वाट बघितली, शलाका. आणि मग आली ती अशी, गाठ होऊन. मला त्याच दिवशी कळलं. तुम्हाला सांगून उपयोग नव्हता, हसला असता. रोज म्हणायची मी, ये बाई, तुझ्या रूपानं ये, तुझं तू घेऊन जा, पण हे नको. आणि सोमवारी पोरीच्या पाठीवर बघते तर..." त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तो चेहरा मी विसरू शकलेले नाही. "स्वतःच्या पायानं दारात आली. मी तिला परत पाठवू होय? एकदा वासंतीच्या अंगावरून जाऊ दे. मग सगळं जाईल."

मी त्यांचे खांदे धरले आणि हलवलं. सासूला. सत्तर वर्षांच्या बाईला. त्यांचं डोकं मागे-पुढे झालं आणि अंबाड्याची पिन खाली पडली.

"शलाका."

दारात ताई उभ्या होत्या. भिंतीला धरून, टोपी न घालता.

"सोड तिला. किती तास झाले?"

"ताई, तुम्ही ऐकलंत?"

"मला गणित सांग. डॉक्टर काय म्हणतात, किती तासांत गेलं पाहिजे?"

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन असतं, आयतं संरक्षण देणारं. पहिल्या संपर्कापासून चार दिवसांच्या आत दिलं तर बरं. मिरज-सांगलीत आत्ता नाही. पुण्यात मिळेल, बर्फात आणावं लागेल. आणि पेशंटला आत्ताच्या आत्ता मुलीपासून वेगळं करा.

"सोमवारी दुपारी दोन वाजता ती पहिल्यांदा माझ्याजवळ आली," ताई म्हणाल्या. "म्हणजे शहाण्णव तास उद्या दोनला संपतात. चोवीस उरले. मकरंदला फोन कर."

"रोज येत होती?"

"रोज. तू गेलीस की." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मीच आईला म्हटलं, शलाकाला सांगू नको. मला फोड दिसले नाहीत गं, शपथ. पडदा ओढलेला असायचा, झगा लांब. अंग जरा कोमट लागायचं, वाटलं झोपेतलं. तिच्या केसांचा वास यायचा. दोन महिन्यांत तेवढ्या एका वासानं मला मळमळलं नाही."

आई पिन शोधत जमिनीवर बसल्या होत्या. ताई खाली वाकल्या, पिन उचलली आणि त्यांच्या अंबाड्यात खोचली. मग मला खोलीत नेऊन दार लावलं.

"मकरंदला एवढंच सांगायचं. बालवाडीत साथ होती, तिथून आलं. आईनं मुद्दाम काही केलं हे कुणाला कळायचं नाही."

"ताई, त्यांनी तुम्हाला..."

"तिनं मला वाचवायला केलं. तूही तेच करतीयेस." त्या खाटेवर टेकल्या. दम लागला होता. "आणि भावनेचं बाजूला ठेव, व्यवहाराचं ऐक. मी राहिले तर प्रश्न नाही. मी गेले तर आई कुठं राहणार? इथंच. तू पोस्टात गेल्यावर जुईला कोण बघणार? आईच. तिला कळलं की तिनं मला मारलं, तर ती पोरीला सांभाळण्याजोगी राहील का?"

मी त्यांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली.

"कबूल कर."

"कबूल."

त्याच संध्याकाळी मी ताईंना हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत हलवलं. मकरंद पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात इंजेक्शन घेऊन निघाला. शुक्रवारी सकाळी खोकं मांडीवर धरून तो हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला मला दिसला, दाढी वाढलेली, डोळे लाल. अकरा वाजता सुई टोचली.

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "त्र्याण्णव. डिस्टिंक्शनमध्ये आले."

मग वाट बघणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन घेतलेल्यांना कधी उशिरा उठतात, अठ्ठावीस दिवस बघा. जुईच्या खपल्या पडल्या, ती पूर्ण बरी झाली, आणि ताई घरी आल्या. रोज सकाळी मी खिडकी उघडून उजेडात ताईंचं अंग तपासायची. मान, पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या. त्या लहान मुलासारखे हात वर करून उभ्या राहायच्या. दाराबाहेर आई बसलेल्या असायच्या, त्यांचीही वाट बघणं चालू होतं. आम्ही दोघी एकाच गोष्टीकडे डोळे लावून होतो. मी ती येऊ नये म्हणून, त्या ती यावी म्हणून. आमटी अजून बिनफोडणीची होती. चौकटीवरचा कडुलिंब मी दोनदा काढून टाकला, दोनदा तो परत आला. पाडव्याला गुढीचा पाला कुठला आणि देवीचा कुठला, कळायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी ताईंच्या डोक्यावर, कानाच्या वर, तीन फोड दिसले.

मी बघितले. ताईंनी माझा चेहरा बघितला. "किती?"

"तीन."

"मोजत राहा," त्या म्हणाल्या.

दाराबाहेर आईंनी जमिनीवर डोकं टेकलेलं मला दिसलं.

अकरा दिवस ताई हॉस्पिटलात होत्या. चौथ्या दिवशी ताप एकशे चारपर्यंत गेला, सहाव्या दिवशी नाकाला ऑक्सिजन लागला. मी काचेतून बघायची. एकदा त्यांनी बोटानं हवेत काहीतरी लिहिलं, मला ते उलटं दिसलं, वाचता आलं नाही. मग हळूहळू ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन झालं होतं म्हणून निभावलं. पण चौथा डोस पाच आठवडे पुढे गेला.

ताई घरी आल्या त्या दिवशी आईंनी नवं लुगडं नेसलं होतं. ताटलीत दहीभात होता. विरजलेलं दही ताईंना वर्ज्य होतं. मी पुढे झाले, पण ताईंनी डोळ्यांनीच मला थांबवलं. बोटानं एक शीत उचललं, जिभेवर ठेवलं.

"झालं ना आई सगळं तुझं?"

"झालं गं बाई. गेली ती. समाधानानं गेली." आईंच्या डोळ्यांतून धार लागली होती. "आता तुला कशाची भीती नाही."

"मग घाल आता फोडणी."

आईंनी कढली ठेवली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंगाचा वास घरभर झाला. ताई हसत उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. मी दाराशी उभी होते. पाण्याच्या आवाजाखाली त्या ओकत होत्या, तोंडात टॉवेल कोंबून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी ताई गेल्या. आजार यकृतात उतरला होता. मी डॉक्टरांना एकटीनं जाऊन विचारलं, ते पाच आठवडे नडले का? ते म्हणाले, सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही.

त्या पाडव्याला आता सात वर्षं झाली. जुई आता चौथीत आहे, तिला यातलं काही आठवत नाही. तिच्या पाठचा नील सव्वा वर्षाचा आहे. तो झोपतो तेवढ्या वेळात मी हे लिहितेय. दोन्ही मुलांना आईच सांभाळतात, माझ्यापेक्षा मायेनं सांभाळतात. मी त्यांना कधी काही बोलले नाही. शब्द दिला होता.

फक्त रोज दुपारी एक वाजता मी पोस्टातून घरी फोन करते. मुलं जेवली का विचारते, झोपली का विचारते, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारते, "आई, आज आमटीला फोडणी कशाची घातलीत?"

"मोहरी, हिंग, कढीपत्ता," त्या सांगतात. कधी लसूण, कधी मेथीदाणे. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की सूनबाईला हे रोज कशाला हवं असतं.

परवा काउंटरला गर्दी होती, मला फोन करायला दोन वाजले. पलीकडे घंटा वाजायच्या आत फोन उचलला गेला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.

"घातली गं," आई म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "घातलीये फोडणी. रोज घालते."